कुवेतच्या रिगवर जातोयस? आधी पाइपचं ऐक

तू विचारलंस, कुवेतला तेलविहिरीच्या रिगवर रोस्टअबाउटचं, म्हणजे पडेल त्या अंगमेहनतीचं काम मिळतंय, पण पाइप उचलून पाठ जाते हे खरं का. धाकट्या भावाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतो. पाठ जाते, पण त्याआधी बोटं जातात.

पाच इंची ड्रिल पाइप साधारण 31 फूट लांब, वजन जवळपास 300 किलो. तो कुणी खांद्यावर घेत नाही, त्याला क्रेन आणि फोर्कलिफ्ट असतात. आपण रॅकवर तो लोटायचा, मोजायचा, आट्यांवरची टोपणं काढायची, ग्रीस लावायचं. भानगड इथेच होते. पाइप एकदा घरंगळला की शेजारच्यावर आदळूनच थांबतो. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्या दोघांच्या मध्ये गेलं. हातमोजा होता. तो फाटलासुद्धा नाही.

लोटताना टोकाला उभा राहा, तळहाताने ढकल, बोटं पाइपभोवती गुंडाळू नकोस. दोन पाइपांच्या मध्ये पाय टाकायचा नाही, फोरमन कितीही ‘जल्दी जल्दी’ करू दे. अंगठी, कडं घरीच ठेव. आई रागावेल, रागावू दे.

पाठ जाते ती रिगच्या फ्लोअरवर, जिथून पाइप विहिरीत सोडतात. तिथे पाइप धरून ठेवणाऱ्या जड लोखंडी पाचरी, म्हणजे स्लिप्स, तिघांनी एका दमात उचलायच्या असतात, आणि ‘दोघांत होईल रे’ म्हणणारा एक जण प्रत्येक पाळीत भेटतो.

माझी चूक सांगतो. क्लिनिकात कागदावर ‘किरकोळ’ लिहिलं होतं, मी न वाचता सही केली आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. पुढे भरपाईचं बोलणं निघालं तेव्हा तोच कागद समोर ठेवला. म्हणून लागलं, मुरगळलं की त्याच पाळीत लेखी नोंद करून घे आणि कागदाचा फोटो घरी पाठव.

दहावी पास नसशील तर पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा असेल. मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी घ्यावी लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची, दोन वर्षांचे 275 रुपये, तीनचे 375. तिचे 10 लाख अपघाती मृत्यूला, किंवा कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली तर. बोटाच्या पेराला त्यातलं काही मिळत नाही. एजंटने 30,000 आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त मागितले तर उठून ये.

आणि करारात ‘रोस्टअबाउट’ लिहिलंय की नुसतं ‘हेल्पर’, ते बघून मला कळव.