जग एवढं अस्थिर असताना निवडणुका आणि लोकशाही टिकतील का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय ना, 'तसंही सगळं आधीच ठरलेलं असतं, मग मत देऊन काय फायदा', त्यासाठी लिहायला बसलो. नाहीतर जगाच्या भवितव्यावर बोलणारा मी कोण? सोलापुरातला निवृत्त शिक्षक. नोकरीत असेपर्यंत निवडणुकीची ड्युटी कधी चुकली नाही, शेवटी शेवटी केंद्राध्यक्ष म्हणून. आणि तुमचं हेच वाक्य माझे पुण्यातले साडू दर दिवाळीला ऐकवतात. वर शेपूट असतं, 'तुम्ही मास्तर लोकच तर मशीन फिरवता.'

जगाचं आधी उरकतो. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशात आणि सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळात पोरांनी सरकारं पाडली. पुढे काय? नेपाळात हंगामी पंतप्रधान सुशीला कार्कींचा शपथविधी झाला त्याच दिवशी निवडणुकीची तारीख जाहीर करावी लागली, 5 मार्च 2026. रोमानियात डिसेंबर 2024 मध्ये टिकटॉकवरच्या प्रचाराच्या घोळावरून न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची अख्खी पहिली फेरी रद्द केली. पाच महिन्यांनी लोक पुन्हा रांगेत. दक्षिण कोरियात 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्षाने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, तेव्हा खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरले, 190 जण जमले आणि एकमताने तो उठवायला लावला. मार्शल लॉ म्हटलं की सोलापूरकराचे कान टवकारतातच. 1930 साली तो आमच्या शहराने भोगलाय, चार हुतात्मे चौकात उभे आहेत. तेव्हा टिकेल की नाही याचं माझं उत्तर: टिकेल, पण कुणीतरी कुंपणावरून उडी मारायला हवी.

आता ठरलेलं असतं त्याबद्दल.

18 एप्रिल 2019, लोकसभा. केंद्र पूर्व भागातल्या एका शाळेत, पत्र्याखाली, उन्हाने जीव नकोसा झालेला. दुपारी एक बाई आल्या, विडी कामगार, साठीच्या पुढच्या. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने मार्क कॉपीत, म्हणजे खुणा करायच्या मतदार यादीत नाव शोधलं तर नावाखाली लाल रेघ आणि शेजारी टिक. म्हणजे मत पडलेलं. यादीत त्याच नावाच्या दोघी, वयात थोडा फरक, आणि सकाळच्या गर्दीत रेघ भलत्याच नावाखाली गेलेली. बाईंनी काही वाद घातला नाही. डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. तर्जनी तंबाखूने पिवळी पडलेली, शाईचा ठिपकासुद्धा नाही. 'नेनु वेयलेदु,' तेलुगूत म्हणाल्या, मग माझ्यासाठी मराठीत, 'सर, म्या टाकलंच नाही की.'

सकाळी मॉकपोलला, म्हणजे चाचणी मतदानाला सगळ्या पक्षांचे एजंट हजर होते. पन्नास मतं टाकली, मोजली, क्लिअर केली, सह्या घेतल्या. आता खोलीत एकच उरलेला, तोही मोबाईलमध्ये. बाकीचे जेवायला गेले ते गेलेच. सकाळी त्याच नावाची दुसरी बाई ह्या बाईंच्या नावावर मत देत होती, तेव्हा दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा अधिकार या लोकांना होता. तेवढ्यासाठीच त्यांना तिथे बसवलेलं असतं.

बाईंना चार प्रश्न विचारले, ओळखपत्र पाहिलं, नमुना 17 बी भरला, अंगठा घेतला आणि प्रदत्त मतपत्रिका दिली, नावावर आधीच मत पडलेलं असेल तर देतात ती. कागदाची, बाणफुलीच्या शिक्क्यासकट. 'मशीनमधी का नाही?' सांगितलं. 'मग हे मोजतेत का?' तेही खरं सांगितलं: कोर्टाने मागवलं तरच, एरवी पाकिटात बंद. बाई क्षणभर कागदाकडे बघत राहिल्या, मग आडोशाला जाऊन शिक्का मारून आल्या, घडी घालून माझ्या हातात दिली. पाकीट मी त्यांच्यासमोर बंद केलं.

दिवाळीला हे सांगितलं तर साडू काय म्हणाले? 'बघा! वायाच गेलं ना तिचं मत. मी काय म्हणतो!' त्यांना हे त्यांच्याच बाजूचं वाटलं. अहो, तिथे मशीन कुणी फिरवलं? यादी गचाळ होती आणि एजंट बिर्याणीला गेले होते. संध्याकाळी क्लोज बटण दाबल्यावर नमुना 17 सी, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या कागदाच्या प्रती मी एजंटांची नावं पुकारून वाटल्या. किती मतं पडली, कुठल्या नंबरच्या यंत्रात, कुठलं सील, सगळं त्यावर असतं. मतमोजणीला आकडा जुळला नाही तर तोच कागद कामाला येतो. दोन एजंट तो न घेताच निघून गेले. लोकशाही धोक्यात म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किती जण संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसतात, ते मी बघितलंय.

त्यापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. जवळपास चार वर्षं नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. पाणी आधीही काही दिवसांआड यायचं, तेव्हाही तसंच. कुणी मोर्चा काढला? यंत्र हॅक झालं म्हणून गावभर चर्चा, आणि निवडणूकच झाली नाही तर कुणाला पत्ता नाही.

थांबा, मी यंत्रणेचा वकील नाही. महापालिकेच्या मतदानाला व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र नसतं, हे मला पटत नाही. लोकसभा-विधानसभेला ते असतं, पण एका विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातल्या मतांशी जुळवतात, त्या वाढवायला काय हरकत आहे? डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रण लोकांना बघायला मिळण्यावर बंधन आणलं, ते तर साफ चूक. आणि आमच्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत, लोकांना विधानसभेच्या मतांची मतपत्रिकेवर स्वतः पडताळणी करायची होती, तर जमावबंदी लावली. तारीख बघा, 3 डिसेंबर 2024, कोरियावालीच. गावाचा संशय चूक असो की बरोबर, कागदावर टिकल्या मोजू द्यायला सरकारचं काय जात होतं? संशय मिटवायची ती उत्तम संधी होती. पण ते गाव शंका घेऊन घरी बसलं नव्हतं, मोजायला निघालं होतं. साडूंच्यात आणि त्यांच्यात हा फरक आहे.

तेव्हा तुम्ही विचारलंय म्हणून: यादीत नाव आत्ता तपासा, मतदानाच्या आदल्या रात्री नको. शेजारचं कुणी वारलं असेल तर ते नाव कमी करायचा अर्ज भरायला त्यांच्या घरच्यांना लावा. आणि कुठल्याही उमेदवाराचं का होईना, एकदा पोलिंग एजंट होऊन बघा, डबा घरून घेऊन जा.

15 जानेवारीला पुण्यातही महापालिकेचं मतदान होतं. साडू लोणावळ्याला होते, फोटो आलेत ग्रुपवर.