वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट नेमकं काय करते? सोलापूरकराला तिचा काय उपयोग?
१९८२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही ना-नफा संशोधन संस्था. जंगल, शहरं, ऊर्जा असं बरंच काम आहे, पण आपल्या कामाचा तिचा 'अॅक्विडक्ट' हा पाण्याचा नकाशा. हिशेब सोपा: दरवर्षी नव्यानं मिळणाऱ्या पाण्यापैकी किती पाण्याला मागणी आहे? ८० टक्क्यांच्या वर गेलं की 'अतितीव्र ताण'. २०१९ च्या यादीत अशा १७ देशांत भारत तेरावा होता.

आता आपल्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतात ना, तेव्हा धरण कोरडं नसतं. एकूण ११७ टीएमसीतला (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं तळाचं पाणी, शिल्लक असतो, आपण त्यातलं उपसायला लागलेलो असतो. हा नकाशा तोच ताण खोऱ्याच्या पातळीवर दाखवतो. भीमेच्या काठचा ऊस आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांची तहान सारखी नाही, हे मात्र त्यात शोधू नका.

आणि तुमच्या गल्लीत नळ कधी येणार, हेही नाही. त्यासाठी आमच्या दारातलं निळं बॅरलच जास्त भरवशाचं! कॉलेजच्या प्रकल्पाला मात्र हा नकाशा जरूर वापरा, फुकट आहे.