जळका वास येतो, पण एमसीबी पडत नाही

प्रश्न : आमच्या घरातील एका सॉकेटमधून अधूनमधून जळका वास येतो, मात्र एमसीबी (प्रवाह फार वाढल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) पडत नाही. याकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला तरच एमसीबी पडतो. सैल झालेल्या जोडणीत प्रवाह नेहमीइतकाच असतो, पण तेथील वाढलेल्या रोधामुळे उष्णता साठत जाऊन तारेचे आवरण वितळू लागते, म्हणून एमसीबी न पडणे हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. सॉकेट गरम लागणे, काळवंडणे किंवा त्यातून चरचर ऐकू येणे हीदेखील बहुधा त्याच दोषाची लक्षणे असतात. अशा वेळी प्लग ओढत न बसता मुख्य स्विच बंद करावा आणि जाणकार इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्ती होईपर्यंत ते सर्किट सुरू करू नये. ज्वाळा दिसल्यास पाणी मुळीच मारू नये. आग अगदी लहान असेल तरच कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे, अन्यथा सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, माणसाचा जीव वाचवू शकतो, परंतु निव्वळ सैल जोडणी त्यालाही कळत नाही. तो बसवून निर्धास्त होणारे बरेच जण नेमके हेच विसरतात.