ऑगस्टचा डॉर्सेट, झिरो पर्सेंट कार्ड आणि नोव्हेंबरचा हप्ता

ताई, तुमची मेल वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता, मुलं 7 आणि 4 वर्षांची, मे ते ऑगस्ट सासू-सासरे पुण्याहून येतायत, आणि मिस्टरांचं म्हणणं की ऑगस्टमध्ये सगळे मिळून आठवडाभर दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटला जाऊया, स्वॅनेजजवळचं कॉटेज 1,940 पाउंड, पेट्रोल-पार्किंग, तिकिटं, खाणंपिणं धरून 3,000, झिरो पर्सेंट कार्डावर (ठरावीक महिने बिनव्याजी क्रेडिट कार्ड) टाकू आणि 14 महिन्यांत फेडून टाकू. सेव्हिंग 4,500 आहे, महिन्याला 300 मागे पडतात, आणि नोव्हेंबरमध्ये मॉर्गेजचा फिक्स, म्हणजे गृहकर्जाच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत, संपतोय, हप्ता 910 वरून 1,240 च्या आसपास जाईल.

जा की. फक्त ऑगस्टमध्ये नको आणि आठवडाभर नको.

कार्डाचं आधी बघू. 3,000 भागिले 14 म्हणजे महिन्याला 214, नोव्हेंबरपासून वरचे 330 त्यात मिळवा, झाले 544, आणि तुमच्याकडे उरतात 300. म्हणजे दर महिन्याला 244 ची खोट, ती शेवटी सेव्हिंगमधूनच जाणार, मग झिरो पर्सेंटचा उपयोग काय झाला? शिवाय मॉर्गेजसाठी नवीन लेंडरकडे जायचं ठरलं तर तो कार्डावरची बाकी बघतोच. बुकिंग मात्र क्रेडिट कार्डानेच करा आणि बिल आलं की पूर्ण भरून टाका, कारण 100 पाउंडांच्या वरच्या खरेदीला 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टमधलं सेक्शन 75 लागू होतं, कॉटेजवाला बुडाला तर पैसे कार्ड कंपनीकडे मागता येतात. मध्ये एजंट असेल तर ते कव्हर लागेलच असं नाही, तेवढं बघून घ्या.

आता तुम्ही हळूच विचारलंय की जूनमध्ये शाळा बुडवून गेलो तर? तेच कॉटेज जूनमध्ये 1,080 ला आहे. पाच दिवस बिनपरवानगी बुडवले तर मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पाउंड दंड, म्हणजे मोठ्याचे तुम्हा दोघांचे मिळून 160, आणि धाकटी अजून पाचची नाही म्हणून तिचा प्रश्नच नाही. 860 वाचले, 160 गेले, 700 खिशात. नुसतं गणित बघितलं तर दंड भरून जाणं स्वस्त पडतं आणि इथले कितीतरी पालक तेच करतात, खोटं कशाला बोलू. पण 21 दिवसांत नाही भरला तर 80 चे 160 होतात, तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट 160 पासून सुरुवात, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टातही जाऊ शकतं. पुढेमागे कुणाच्या लग्नाला भारतात जायचं निघालं तर पहिल्या वेळच्या कमी दंडाची सवलत आत्ताच वापरून बसाल. आणि तरीही आठवडा म्हटला की दोन हजारांच्या वर जातोच.

त्यापेक्षा तुम्ही शाळेचं कॅलेंडर पाठवलंय त्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक सोमवार इन्सेट डे (शिक्षकांचं ट्रेनिंग, मुलांना सुट्टी) आहे, तो धरा. शुक्रवारी शाळा सुटली की निघायचं, सोमवारी दुपारी परत, तीन रात्री, तुम्हालाच 520 चा कोट आलाय.

आणि तिकिटांचे 480 धरलेत ते मला जास्तच वाटतात. डॉर्सेटमधली सगळ्यात भारी गोष्ट फुकट आहे. चारमथच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी नुसतं खाली बघत चालायचं, गोट्यांमध्ये अमोनाइट, म्हणजे गोल शंखांसारखे जीवाश्म, सापडतात, काही तर मसुराच्या डाळीएवढे, पितळेसारखे चमकणारे. (कड्याच्या पायथ्याशी मात्र जाऊ नका, दरड कोसळते.) माझी लेक दोन तास जागची हलली नव्हती, आणि घरी आल्यावर वॉशिंग मशीनमधून खडखडाट सुरू झाला तेव्हा कळलं खिशात काय काय राहिलंय. स्वॅनेजपासून ते जरा लांब आहे, एक अख्खा दिवस द्या. वीकेंडच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, हे विसरलात तर समुद्र तुम्हाला किनाराच देणार नाही.

पैसे घालायचेच तर वाफेच्या इंजिनावर घाला. नॉर्डन स्टेशनला गाडी लावायची, स्वॅनेज रेल्वेने कॉर्फ गावावरून समुद्रापर्यंत जायचं, 1646 मध्ये पार्लमेंटच्या सैन्याने उडवून दिलेला कॉर्फ कॅसल खिडकीतूनच दिसतो, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांना चढ नको आणि सासऱ्यांची हौस पण भागते. डर्डल डोर ही समुद्रातली दगडी कमान फोटोत सुंदर, पण उतरण मोठी आणि परत चढताना जीव जातो, आजीआजोबांना घेऊन नको. मंकी वर्ल्ड मुलांना आवडेल, फक्त सासरे म्हणणार माथेरानला माकडं फुकट दिसतात, ती तयारी ठेवा.

जुने वाडे, किल्ले, किनारे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टची फॅमिली मेंबरशिप दीडशेच्या वर जाते आणि त्यात आजीआजोबा येत नाहीत. स्टडलंड बीचचं पार्किंग, कॉर्फ, ब्राउन्सी बेट (बोटीचं भाडं तरी वेगळंच) एवढ्यासाठी घेऊ नका. पण तुमच्या घराजवळ बॅसिल्डन पार्क आणि द वाइन हे ट्रस्टचे वाडे आहेत, तिथे वर्षभर दर महिन्याला जाणार असाल तर वसूल होते. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, जिमच्या मेंबरशिपचं काय झालं होतं.

माझा हिशोब: राहणं 520, गाडी 120, तिकिटं 200, खाणं 160 कारण किचन आहे आणि सासूबाई तसंही बाहेरचं खाणार नाहीत. झाले 1,000. आत्ता फेब्रुवारी चालू आहे, मेपर्यंत चार महिने 250 बाजूला काढा, बरोबर जमतात, 4,500 ला हात लागत नाही.

मिस्टर म्हणतात आईबाबा परत कधी येणार, ते खरंय, माझे वडील इथे एकदाच आले होते. पण त्यांना आठवतं ते नातवाने हातात ठेवलेला दगड, कॉटेज किती रात्रीचं होतं ते नाही.

बाकी दोन कामं विसरू नका. बरेच लेंडर चार ते सहा महिने आधी रेट लॉक करू देतात, त्यामुळे मे-जूनमध्येच ब्रोकरला फोन लावा, सहलीच्या गडबडीत राहून जाईल. आणि कॉटेजवाल्याला आजच मेल टाका, तीन रात्रीचा रेट लेखी मागवा आणि बेडरूम तळमजल्यावर आहे का ते विचारा.