अमेरिका कर्जात बुडाली म्हणतात, मग वॉशिंग्टनला येऊ का नको?

अगं, मेसेज वाचला तुझा. एम.ए. झालंय, मेळघाटात कुपोषणावर काम केलंयस, आता वॉशिंग्टनला इंटरनॅशनल डेव्हलपमेंटच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळालीय, बँक पन्नास लाख द्यायला तयार आहे, आणि बाबा म्हणतायत अमेरिकेचंच दिवाळं निघायला आलंय, तू कुठे निघालीस. काका खरं काय ते सांगा, असं विचारलंयस. मी इथे पलीकडेच व्हर्जिनियात राहतो त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बस.

दिवाळं वगैरे काही निघत नाही. कर्ज डॉलरमधलं आणि डॉलर छापणारे हेच, त्यामुळे सातबारावर बोजा चढला की जप्तीची नोटीस येते तसं इथे होणार नाही, हे बाबांना सांग. पण ओझं खरं आहे. ऑक्टोबर 2025 मधे कर्जाने 38 ट्रिलियन डॉलर ओलांडले, आणि 2024 च्या आर्थिक वर्षातच निव्वळ व्याज सुमारे 880 अब्ज झालं होतं, म्हणजे संरक्षणखर्चाच्याही वर! व्याज तर टाळता येत नाही, म्हाताऱ्यांच्या पेन्शनला आणि मेडिकेअरला, म्हणजे त्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला, हात लावला तर पुढच्या निवडणुकीत घरी बसावं लागतं, मग कात्री चालते कुठे तर ज्याला इथे मतदार नाही तिथे. परदेशी मदत म्हणजे एकूण बजेटच्या जेमतेम एक टक्का, सगळी बंद केली तरी कर्जाला ओरखडा पडत नाही, पण ‘आपल्याकडेच नाहीत तर त्यांना कशाला’ याला सभेत टाळ्या पडतात. मला विचारशील तर कर्ज हे अर्धं कारण आणि अर्धं निमित्त.

आणि तुझं सगळं प्लॅनिंग नेमकं त्याच एका टक्क्यावर आहे ना. यूएसएड, म्हणजे परदेशी मदत वाटणारी अमेरिकन सरकारी संस्था, 2025 मधे मोडीत काढली, 1 जुलैपासून उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं, त्याआधी मार्चमधे परराष्ट्रमंत्री रुबिओंनी 83 टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी यूएसएडच्या मुख्यालयात, रोनाल्ड रेगन बिल्डिंगमधे, लोकांना टेबल आवरायला पंधरा-पंधरा मिनिटं दिली, लोक खोके घेऊन बाहेर येत होते आणि रस्त्यावर उभे असलेले त्यांना धीर द्यायला टाळ्या वाजवत होते. ज्यांच्याकडे तू नोकरी मागणार त्या कंत्राटी कंपन्यांनीही धडाधड माणसं काढली, आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत तेव्हा सोफा विकणे, पाळणा विकणे अशा चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. वीस-वीस वर्षं आफ्रिकेत काम केलेले अमेरिकन सिटिझन आज त्याच जागांसाठी अर्ज करतायत, तिथे तुला व्हिसा स्पॉन्सर करून कोण घेणार, सांग.

बाबा पेपर वाचणारे आहेत म्हणून कर्जापायी अमेरिकेचे हात कसे बांधले जातात याच्या अजून दोन गोष्टी. ऑक्टोबर 2013 मधे बजेट आणि कर्जमर्यादेच्या भांडणात सरकार बंद पडलं आणि ओबामांना बालीची अपेक (आशिया-पॅसिफिक देशांचा आर्थिक गट) शिखर परिषद सोडावी लागली, ‘आशियाकडे वळतोय’ म्हणणारा माणूस आशियालाच जाऊ शकला नाही. त्याच दिवसांत शी जिनपिंग इंडोनेशियाच्या संसदेत सागरी रेशीम मार्गाबद्दल, म्हणजे चीनच्या समुद्री व्यापारमार्गाच्या योजनेबद्दल, बोलून आले. दुसरं एप्रिल 2025 चं, ट्रम्पनी 2 तारखेला सगळ्या जगावर टॅरिफ लावले. एरवी शेअर पडले की लोक अमेरिकन सरकारी बाँड घेतात, या वेळी बाँडही विकायला लागले, दहा वर्षांच्या बाँडचा व्याजदर चार टक्क्यांच्या आसपास होता तो आठवड्यात साडेचारपर्यंत गेला आणि 9 तारखेला चीन सोडून बाकीच्यांना 90 दिवसांची सूट द्यावी लागली. बाँड मार्केटवर लक्ष होतं असं ते स्वतःच म्हणाले. पुढे जपानच्या अर्थमंत्र्यांनी सूचक बोलून घेतलं की आमच्याकडचे अमेरिकन बाँड हा एक पत्ता आहे, आणि परदेशांपैकी सगळ्यात जास्त बाँड जपानकडेच आहेत. विमानवाहू जहाजं कितीही असोत, दर आठवड्याला लिलावात कर्ज उचलणाऱ्याला सावकाराचं तोंड बघावंच लागतं.

आता तुझं. येऊ नको असं मी म्हणत नाहीये, पण या डिग्रीवर पन्नास लाख काढू नकोस. युनिव्हर्सिटीला आधी मेल टाक आणि कोर्सचा सीआयपी कोड (कोर्स कुठल्या विषयात मोडतो त्याचा सरकारी क्रमांक) विचार, स्टेममधे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत, बसत नसेल तर ओपीटी, म्हणजे शिकल्यावर इथे काम करायची परवानगी, फक्त 12 महिने, बसत असेल तर आणखी 24 मिळू शकतात. नुसतं डेव्हलपमेंट बहुतेक वेळा बसत नाही, इकॉनोमेट्रिक्सवाला इकॉनॉमिक्सचा कोर्स बसतो, डिपार्टमेंट बदलून मिळतंय का बघ. एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीने काढून द्यायच्या नोकरीच्या व्हिसावर, सप्टेंबर 2025 मधे एक लाख डॉलरची फी लावलीय, इथे शिकून इथेच स्टेटस बदलणाऱ्यांना ती नाही असं नंतर स्पष्ट केलं खरं, पण नियम कधी फिरेल याचा भरवसा नाही. वर्ल्ड बँक, आयएमएफ मात्र वेगळी जात, तिथे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नोकरांसाठीचा जी-फोर व्हिसा असतो, एच-वन-बीची भानगडच नाही, फक्त आत शिरणं महाकठीण.

आणि जिनिव्हा, नेदरलँड्स बघितलंस का? अर्थात तिकडेही मदतीला कात्री लागलीच आहे, ब्रिटनने तर 2027 पर्यंत ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.3 टक्क्यावर आणायचं ठरवलंय, पण नेदरलँड्समधे हेगला फी इथल्यापेक्षा बरीच कमी आहे आणि कर्ज कमी तर परत मेळघाटात यायची वाटही मोकळी राहते. कोडचं उत्तर आलं की कळव, लोनचे कागद सही करायच्या आधी मला पाठव, व्याज मोरेटोरियममधे, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीच्या काळात, कसं चढतं ते बघून सांगतो.