लेबल प्रिंटर घ्या, पण राजीनामा लिहू नका

एका वाचक भगिनीचा प्रश्न एका ओळीचा आहे, पत्र मात्र तीन पानांचे आहे. घरी शिवलेल्या कापडी पिशव्या त्या सव्वा वर्षापासून ऑनलाइन विकतात आणि महिन्याला २४० पार्सले रवाना करतात. पत्त्याची लेबले आतापर्यंत साध्या प्रिंटरवर छापून, कात्रीने कापून, चिकटपट्टीने लावली जात होती. आता स्वतंत्र लेबल प्रिंटर घ्यायचा आहे, तर तो डायरेक्ट थर्मल असावा की रिबनचा, २०३ डीपीआयचा (एका इंचात छापले जाणारे ठिपके) की ३०० चा, असे त्यांनी विचारले आहे. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी जाता जाता आणखी दोन गोष्टी कळवल्या आहेत. एका विक्रेत्याच्या ‘फुकट प्रिंटर’ योजनेसाठी त्यांनी इसारा दिला आहे. आणि मासिक विक्री पगाराच्या १.६ पट झाल्यामुळे तीन महिन्यांनी नोकरी सोडण्याचे त्यांनी ठरवले आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते सोपे आहे. चार इंच रुंदीचे लेबल छापणारा, २०३ डीपीआयचा, साधा डायरेक्ट थर्मल प्रिंटर घ्यावा. त्याला शाई लागत नाही आणि रिबनही लागत नाही. तापलेले प्रिंटहेड विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर थेट अक्षर उमटवते. ऊन आणि उष्णता लागली की हे अक्षर काही महिन्यांत फिके पडते, परंतु पार्सलवरच्या लेबलाला पोहोचेपर्यंतच टिकायचे असते. वर्षानुवर्षे वाचता यावे लागणाऱ्या लेबलांसाठी रिबनचा, म्हणजे फितीवरची शाई तापवून लेबलावर उतरवणारा प्रिंटर असतो. त्याची तुम्हाला गरज नाही. २०३ डीपीआय म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके. चार बाय सहा इंचांच्या लेबलावरील बारकोडला तेवढे पुरतात. नखाएवढ्या लेबलावर बारीक अक्षरे छापायची असतील, तरच ३०० चा विचार करावा. डीपीआयपेक्षा महत्त्वाची अट अशी की, प्रिंटर कोणत्याही कंपनीचा रोल स्वीकारणारा असावा. काही प्रिंटर चिप बसवलेला स्वतःच्याच कंपनीचा रोल मागतात, आणि मग स्वस्तात घेतलेल्या यंत्राची किंमत रोलच्या रूपाने वसूल होत राहते.

आता ‘फुकट’ प्रिंटरकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या करारात दरमहा २,००० लेबले, ३६ महिने, असे बंधन आहे. म्हणजे ७२,००० लेबले. तुमचा खप दरमहा २४० धरला, तर तीन वर्षांत ९,००० लेबलेसुद्धा संपत नाहीत. सगळी संपवायला पंचवीस वर्षे लागतील. थर्मल कागद कपाटात पडून राहिला तरी हळूहळू निकामी होतो, हे वेगळेच. या लेबलांची आणि देखभाल कराराची रक्कम ‘फक्त १२ टक्के’ व्याजाने हप्त्यांत फेडायची आहे. मात्र हे व्याज फ्लॅट आहे, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी तीनही वर्षे मूळ रकमेवरच आकारले जाणार आहे. १०० घेतले तर १३६ फेडायचे. घटत्या शिल्लकीच्या, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरण्याच्या हिशेबाने हा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यावर कर्ज संरक्षण विमा आहे, आणि त्याचा हप्ताही मुद्दलातच मिळवलेला असल्याने विम्यावरसुद्धा तुम्ही व्याज भरणार आहात. हा विमा तुमच्यापेक्षा तो विकणाऱ्याच्या कमिशनची काळजी अधिक घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभाल कराराचेही तेच. प्रिंटहेडचे आयुष्य छापलेल्या लांबीवर मोजतात. हात राखून २५ किलोमीटर धरले, तरी पंधरा सेंटिमीटरची दीड लाखाहून अधिक लेबले होतात, म्हणजे तुमच्या खपाने पन्नासहून जास्त वर्षे. त्याआधी यंत्राचे दुसरे काही बिघडेल हे मान्य. पण तुम्हीच पाठवलेल्या दोन दरपत्रकांनुसार या योजनेच्या एकूण खर्चात तशाच दर्जाचे नऊ प्रिंटर रोखीने येतात. बिघडला तर दुसरा घ्यावा.

विक्रेत्याने ‘दिवसाचे दोन तास वाचतील’ असेही सांगितले आहे. दिवसाला आठ पार्सले, प्रत्येकाचे लेबल कापून चिकटवायला दोन मिनिटे, म्हणजे सोळा मिनिटे. थर्मल प्रिंटरने हे काम चार मिनिटांत होईल. वाचणारा वेळ बारा मिनिटांचा आहे. बारा मिनिटांसाठी रोखीने साधा प्रिंटर घेणे योग्यच आहे, तीन वर्षांचे कर्ज घेणे नाही.

इथवर तुमच्या प्रश्नाचा विचार झाला. मला खरी चिंता तुमच्या राजीनाम्याची वाटते. पत्रात तुम्ही ‘विक्री’ आणि ‘कमाई’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत, आणि सगळा निर्णय त्या अदलाबदलीवर उभा आहे. पगार महिन्याअखेरीस हातात येतो, तर विक्रीची रक्कम हातातून जाते. तुम्ही जोडलेल्या पोर्टलच्या विवरणावरून आणि बिलांवरून मी हिशेब मांडला आहे. पिशवीची विक्री किंमत १०० धरली, तर पोर्टलचे कमिशन १७, पाठवणी १३, कापड-दोरा-बंद ३४, वेष्टन ४ आणि जाहिरात ९. बेरीज ७७, उरतात २३.

हे २३ सुद्धा पूर्ण हाती पडत नाहीत, कारण तुमची १०० पैकी ९ पार्सले परत येतात. परत आलेल्या पार्सलवर विक्री शून्य, पाठवणी दोन वेळची, वेष्टन आणि जाहिरात वाया, आणि तुमच्याच नोंदीप्रमाणे साधारण निम्म्या पिशव्या पुन्हा विकता येत नाहीत. हे सगळे धरले, तर १०० पार्सलांमागे २,३०० नव्हे, जेमतेम १,६०० उरतात. पगार १०० असेल तर तुमची विक्री १६०, आणि त्यातून उरणारी रक्कम सुमारे २५. दीडपटीहून अधिक कमाई नव्हे, पाव पगार. आणि तोही कर भरण्यापूर्वीचा.

या पाव पगारासाठी तुम्ही रोज संध्याकाळी तीन तास बसता आणि तुमच्या जाऊबाई महिन्याला ११० तास शिवतात. त्यांना तुम्ही काहीच देत नाही, ही गोष्ट पत्रात ‘घरचीच मदत आहे’ अशा शब्दांत आली आहे. घरची असली तरी ती मजुरी आहे, आणि हिशेबात तिची ओळ असायलाच हवी. दोघींचे मिळून २०० तास होतात. नोकरीतही येण्याजाण्यासह महिन्याचे तुमचे जवळपास तेवढेच तास जातात, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे व्यवसायातला एक तास नोकरीतल्या तासाच्या पाव किमतीचा आहे. पगाराची बरोबरी करायची तर याच नफ्याने चौपट पार्सले, दिवसाला बत्तीस, आणि महिन्याला आठशे तास लागतील. ते तास शिवणकामाचे आहेत. कोणताही प्रिंटर ते कमी करत नाही.

आणखी एक बारकावा. २४० हा तुमच्या सर्वांत चांगल्या महिन्याचा आकडा आहे. तुम्हीच दिलेल्या तक्त्यात वर्षाची सरासरी १५० आहे. त्या सरासरीवर पाव पगारसुद्धा राहत नाही, सहावा हिस्सा राहतो. ‘नोकरी सोडल्यावर पूर्ण वेळ दिला की दिवसाला पन्नास ऑर्डरी सहज येतील,’ या वाक्यातील ‘सहज’ला तुमच्या तक्त्यात कुठेही आधार सापडला नाही. वाढ झालीच, तर कापडाचे पैसे आधी रोख द्यावे लागतील आणि पोर्टलचे पैसे पंधरा दिवसांनी येतील. वाढत्या धंद्याला पैसा अधिक लागतो, आणि तुमच्याकडे शिल्लक केवळ दोन महिन्यांच्या घरखर्चाची आहे.

तुमचा धंदा वाईट आहे, असे मात्र मी म्हणत नाही. माल चांगला असावा, कारण गिऱ्हाईक पुन्हा येते. किंमत कमी लावली आहे, इतकेच. ती दहा टक्क्यांनी वाढवून पाहा. कमिशन वगळता बाकीचे खर्च आहेत तेवढेच राहतात, त्यामुळे १०० पार्सलांमागचे १,६०० जवळजवळ २,३५० होतात. दहातली तीन गिऱ्हाइके निघून गेली, तरी तुमच्या हाती आजच्याइतकेच पैसे राहतील आणि शिवण तीस टक्क्यांनी कमी होईल. हा प्रयोग दोन महिने करून पाहण्यास काहीही खर्च नाही. दुसरे म्हणजे, परत पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘वाटली त्यापेक्षा लहान’ असे कारण दिले आहे. पिशवीत एखादी ओळखीची वस्तू ठेवून काढलेले छायाचित्र आणि ठळक मापे दिल्यास यातला बराच तोटा थांबावा.

व्यवसायासाठी आजच वेगळे बँक खाते उघडा आणि जाऊबाईंना व स्वतःला ताशी मजुरी लावून दरमहा ती त्या खात्यातून द्या. मजुरी, कर आणि परतीचा तोटा वजा जाता सलग सहा महिने निम्मा पगार शिल्लक राहिला, आणि घरखर्चाची तरतूद दोनवरून सहा महिन्यांची झाली, की राजीनाम्याचा विषय पुन्हा काढू. अंतिम तारीख ठरवण्याची घाई नको.

करारावर अद्याप सही झालेली नाही, असे पत्रावरून दिसते. ती करू नका. योजना नको असल्याचे विक्रेत्याला लेखी कळवा आणि इसारा परत मागा. त्याने तो अडवून धरलाच, तर ती रक्कम तोट्यात लिहून टाका. दिलेला इसारा वाया जाऊ नये म्हणून पुढचे छत्तीस हप्ते स्वीकारणे हा त्याहून कितीतरी मोठा तोटा ठरेल.