देवीच सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या पेगन पंथात पुरुषाचं काय काम?

तुम्ही विचारलंय की विक्का वगैरे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव आणि निसर्ग पुजणाऱ्या, पंथांत देवी वर, शिंगवाला देव खाली, विधी बाईच चालवते. मग पुरुषाने तिथे दुय्यम होऊन का राहायचं, आणि पुरुषांसाठी वेगळं काही आहे का? इथे इंग्लंडमध्ये हाच प्रश्न, याच सुरात, एका माणसाने माझ्यापुढे इतक्यांदा मांडलाय की हे उत्तर निम्मं त्याला आहे असं समजा.

आधी ते ‘दुय्यम’ प्रकरण. विक्का उभी केली जेराल्ड गार्डनर या माणसाने. मलायातल्या कस्टम खात्यातून निवृत्त होऊन आलेला साहेब. १९५१ साली इंग्लंडमधला जादूटोण्याचा जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये याने पुस्तक काढून पंथ उजेडात आणला. हाय प्रीस्टेसचा, म्हणजे मुख्य पुजारिणीचा, शब्द अखेरचा हे खरं, पण नियम कोणी लिहिले तेही बघा. डोरीन व्हॅलिएंटे ही त्याची हाय प्रीस्टेस. आज म्हटले जाणारे कित्येक मंत्र तिच्या हातचे आहेत. गार्डनरच्या प्रसिद्धीच्या हौसेवरून १९५७ मध्ये दोघांचं वाजलं, तेव्हा साहेबांनी अचानक ‘प्राचीन कायदे’ बाहेर काढले. त्यातलं एक कलम असं की वय झाल्यावर हाय प्रीस्टेसने तरुण बाईसाठी आनंदाने जागा सोडावी. कायदा दाखवणारा सत्तरीच्या पुढचा, डोरीनबाई पस्तिशीच्या. बाई आपली माणसं घेऊन बाहेर पडल्या. पुरुषांवर अन्याय झाल्याच्या गप्पा त्यामुळे मला फार वेळ ऐकवत नाहीत.

आता आमची गंमत. विल्टशरमध्ये एका शेतकऱ्याच्या रानात ऑगस्टच्या सुरुवातीला आमचा कॅम्प भरायचा. लुनासाचा सण, म्हणजे कापणीचा आरंभ. यात धान्याच्या देवाला मरावं लागतं. कापलेलं पीक म्हणजेच तो. देवी त्याचा शोक करते आणि हिवाळ्यात, यूलच्या सणाला, त्यालाच पुन्हा जन्म देते. त्या वर्षी देव व्हायचं माझ्या वाट्याला आलं. मुकुट बनवला होता कॅम्पमधल्या एका इलेक्ट्रिशियनने: सायकलचं जुनं हेल्मेट, त्यावर तपकिरी फेल्ट, आणि हरणाची गळून पडलेली दोन शिंगं केबल टायने आवळलेली. लांबून बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. जवळून मात्र डाव्या शिंगामागे हेल्मेटच्या कंपनीचं स्टिकर दिसायचं. मान जरा वाकवली की सगळं डोळ्यांवर घसरायचं.

तर मी मेलो. गवतात उताणा पडलो, छातीवर गव्हाची पेंढी. बायकांचा शोक चांगला लांबला, कारण एकीला खरंच रडू फुटलं. तिचा बाप त्याच वसंतात गेला होता. माझ्या मानेखाली मुंग्या. हलायचं नाही, बोलायचं नाही, पुढे काय होणार ते आपल्या हातात नाही. नोकरीत मी दिवसभर लोकांना कामं वाटून देतो, घरीही फारसं वेगळं नसतं. माझ्याकडून कुणालाच काही नको आहे अशी ती वेळ मला अजून आठवते. अध्यात्म म्हणावं असं काही माझ्या वाट्याला आलं असेल तर ते तेवढंच.

उठलो तर इलेक्ट्रिशियन लाल. सुरुवातीला म्हटलं तो माणूस हाच. “शिंगं मी बनवायची, मरायचंही आपणच, आणि ती देवी आपली उभीच! आपल्याला काय मिळालं यातून?” बाप गेलेल्या मुलीच्या देखत हे बोलला.

पुढच्या वर्षी त्याने मेन्स सर्कल, म्हणजे फक्त पुरुषांचा गट, काढलं. १९९०च्या आसपास अमेरिकेत कवी रॉबर्ट ब्लाय यांच्या नावाने जी लाट आली होती, जंगलात जाऊन ढोल बडवायचे आणि बापाच्या नावाने रडायचं, त्याचीच ही धाकटी पाती. मीही जात असे, नाही म्हणत नाही. काही जण तिथे बायकोपुढे कधी बोलले नसते ते बोलले आणि ते ऐकण्यासारखं होतं. पण पहिली अख्खी संध्याकाळ सर्कलचा प्रमुख कोण यावरच गेली. शेकोटी आमची, मोठा तंबू आमचा, आणि आम्ही पौरुषाचा शोध घेत असताना पलीकडे नळावर ऐंशी माणसांची भांडी बायका घासत होत्या. भारतीय म्हणून डाळीचं पातेलं दरवर्षी माझ्याच गळ्यात असायचं, त्यामुळे ते करपलेलं बूड खरवडायला किती वेळ लागतो हे मला माहीत. मी सर्कलमध्ये म्हटलं, उद्यापासून भांडी आपण घासू, हीच आपली साधना. हशा झाला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, विषय भरकटवू नकोस. आमचं बोलणं तिथून जे तुटलं ते तुटलंच.

पुरुषांचं वेगळं काही खरोखर गरजेपोटी उभं राहिलं ते समलिंगी पुरुषांनी केलं. विक्कात दीक्षा स्त्रीने पुरुषाला आणि पुरुषाने स्त्रीला द्यायची, सगळं जोडीवर चालतं. त्यात आपण कुठे बसतो हे त्यांना कळेना. म्हणून एडी बुचिन्स्कीने १९७७ मध्ये न्यूयॉर्कला मिनोअन ब्रदरहुड काढलं, आणि १९७९ मध्ये हॅरी हे नावाच्या समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्याने आणि त्याच्या मंडळींनी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात रॅडिकल फेरीजचा पहिला मेळावा भरवला. त्यांना दार बंद होतं म्हणून त्यांनी आपलं दार केलं. आमच्या सर्कलला तर दार उघडंच होतं, फक्त मधली खुर्ची मिळत नव्हती.

फक्त बायकांचेही गट आहेत. झुझाना बुडापेस्टने १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला असा पहिला गट काढला. त्याला माझी हरकत नाही. हळदीकुंकवाला आपल्याला बोलावत नाहीत म्हणून आपण मोर्चा काढतो का? पण हळदीकुंकवातून विधवांना वगळलं गेलं, तसंच इथे ट्रान्स स्त्रियांना वगळलं गेलं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅन्थीयाकॉन संमेलनात एका विधीच्या दारातून त्यांना परत पाठवलं, मोठा गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या विधीबाहेर लोक मूक धरणं धरून बसले. दोन्हीकडे वगळणाऱ्या बायकाच होत्या, हे खटकतं.

थोडं सांभाळून घ्या: मी बोलतोय ते ब्रिटनमधल्या विक्का आणि ड्रुइड (हा दुसरा निसर्गपूजक पंथ) मंडळींबद्दल. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, देवांना मानणाऱ्या गटांत चित्र उलटं, तिथे पुरुषांचाच भरणा. अमेरिकेत त्यातले काही उघड वर्णद्वेषी आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आइसलँडची १९७२ सालची संस्था मात्र तशी नाही, ती समलिंगी लग्नंही लावते. आणि सगळीच मेन्स सर्कल्स आमच्यासारखी असतात असंही नाही.

तर पुरुषाचं काम काय? घरच्या गोंधळात संबळ कोण वाजवतं ते तुम्ही पाहिलंच असेल. देवी वर असल्याने त्या गोंधळ्याचं काही बिघडलेलं मी तरी पाहिलं नाही. जायचंच असेल तर आधी गावातल्या पबमध्ये भरणाऱ्या पेगन मूटला, म्हणजे गप्पांच्या बैठकीला, जा, तिथे कुणी दीक्षेचं विचारत नाही. आणि एखाद्या मेन्स सर्कलने आगाऊ पैसे मागितले, तर त्यांच्या कॅम्पवर भांडी कोण घासतं ते विचारून मगच द्या.